उजवा कौल

“परत लावा, गुरवकाका,” देवस्थानाचे अध्यक्ष पडवळ म्हणाले.

मी देवीच्या कपाळावर तिसरी ओली पाकळी चिकटवली. उजवीकडे पडली तर देवीचा होकार, डावीकडे पडली तर नकार. आमच्या देवराईतली वाळकी काटकीसुद्धा असा कौल घेतल्याशिवाय पिढ्यान्‌पिढ्या कुणी उचलली नव्हती. या भक्ताला सभामंडपासाठी अख्खी राईच तोडायची होती.

तिसरी पाकळीही डावीकडेच पडली. मग पडवळांना अचानक देवीची दया आली. “आईला किती उकडतंय,” म्हणत त्यांनी उभा पंखा मागवला आणि तिच्या डाव्या अंगाला लावला. चौथी पाकळी उडून थेट उजव्या कोपऱ्यात पडली. सगळ्यांनी भक्तिभावाने हात जोडले. मीही जोडले.

आठवड्याभरात राई भुईसपाट झाली. स्लॅबचा मंडप उभा राहिला आणि त्याच्या भिंतींवर पेंटरने हिरवीगार झाडं रंगवली.

पुढच्या चैत्रात राईतला बारमाही झरा आटला. गावाचे नळ त्याच्यावरच चालायचे. पडवळ पुन्हा गाभाऱ्यासमोर येऊन उभे राहिले.

“झरा परत वाहील का, विचारा आईला.”

पाकळी भिजवायला देवळात थेंब नव्हता. त्यांनीच आपल्या विकतच्या बाटलीचं बूच उघडलं. मी पाकळी लावली. ती डावीकडे पडली.

“परत लावा,” पडवळ पुटपुटले.

“लावतो की,” मी म्हणालो. “पंखा आणलात?”