रतनबाईचा गुरुवार

ते साल दोन हजार तेवीस. तलवाड्याच्या पलीकडच्या मेंढवाडीत टेकडीवरच्या कबरीपाशी दगड बसवायचं ठरलं, आणि त्यावर काय कोरायचं यावरून ब्याऐंशी वर्षांची रतनबाई जन्मात पहिल्यांदा ग्रामपंचायतीची पायरी चढली.

"गुरुजी, सगळं लिवा," ती म्हणाली. "पर आमच्या घराचं नाव तेवढं गाळा."

आसाराम गुरुजींनी चष्मा काढला. निवृत्त झाल्यापासून ते गावाचा इतिहास लिहीत होते आणि त्यात कुणाची भीड धरत नव्हते.

"रतनबाई, असं नाव गाळता येत नाही."

"माझी नात योगिता त्याच वाटेनं शाळंत शिकवाया जाती. रोज वाचायचं का तिनं? आन् पोरांनी बी?"

"काकू, हैदराबादहून मौलवीसाहेबांच्या घरचे येणार हायेत," सरपंच तानाजी म्हणाला. "त्यांच्यापुढं खोटं लिवायचं? आन् तुमी कावून एवढं मनाला लावून घेता? गाव काय तुमाला आजच फितूर म्हणतंय?"

रतनबाई उठली. दाराशी वळून म्हणाली, "म्हणणं वाऱ्यावर जातं, तानाजी. कोरलेलं न्हाई जात."

गोष्ट गावात लहानथोरांना पाठ होती. अठराशे अठ्ठावन्न साली मौलवी सैफुल्ला गोऱ्यांविरुद्ध माणसं उभी करत या भागात हिंडत होते. ते बोलायला लागले की आठवडी बाजार दोन-दोन तास जागचा हलत नसे. कुणबी, धनगर, रोहिले त्यांच्या शब्दावर भाले घेऊन निघाले. गोऱ्यांना त्यांचं नाव ठाऊक होतं, तोंड ठाऊक नव्हतं. पाठलाग अंगावर आला तेव्हा बंकट धनगरानं त्यांना आपल्या मेंढरांच्या वाड्यावर लपवलं. आठ दिवस निभावले. नवव्या दिवशी पहाटे, ऐन वैशाखात अंगभर घोंगडं लपेटून, बंकट छावणीच्या वाटेनं जाताना एकाला दिसला. दुपारी मौलवी धरल्याची दवंडी आली.

तिसऱ्या दिवशी छावणीच्या आतच फाशी झाली. एवढा बोलणारा माणूस, फासाखाली एक शब्द बोलला नाही. फितुरीनं त्यांचं मन मोडलं, असं गाव सांगे. बंकट पुन्हा कुणाला दिसला नाही. लाजेनं परागंदा झाला म्हणत. त्याच्या बायकोनं, छबुबाईनं, त्याच दिवशी कुंकू पुसलं. असला नवरा मेल्यातच जमा. मग तिनंच छावणीत जाऊन मौलवींचं प्रेत मागून आणलं, टेकडीवर पुरलं आणि दर गुरुवारी तिथं दूध न्यायला लागली. पापाची फेड, दुसरं काय?

तेव्हापासून त्या घरातल्या सुनेचा गुरुवार चुकला नाही. रतनबाई लग्न होऊन आली तेव्हा सासूनं एवढंच सांगितलं होतं, "पदर नीट वढून घेत जा, वडीलमाणसापुढं जातीस तसा. पाठ दावू नको. आन् गाव काय बोललं तर आईकून घ्यायचं, उलटून बोलायचं न्हाई."

"कावून?" तिनं विचारलं होतं.

"माज्या सासूनं मला सांगितलं, मी तुला सांगती."

रतनबाईनं ऐकून घेतलं. पुढं तिचा शहादेव सात वर्षांचा असताना त्याला साप चावला. ती त्याला कबरीच्या दगडाला टेकवून बसली आणि बैलगाडी येईपर्यंत पोरगं तगलं, पुढं दवाखान्यात वाचलं. त्या दिवसापासून ती दूध न्यायची ती फेड म्हणून नव्हे. आपल्या माणसानं ज्याला धरून दिलं, त्यानंच आपलं लेकरू राखलं, याचं तिला लई वाटे. घरची पहिली धार त्याची. योगिताला नोकरी लागली तेव्हा पेढाही आधी तिथं गेला.

शेवटी गुरुजींचंच म्हणणं चाललं. आदिनाथ गवंड्यानं कोरलं: 'बंकट धनगराच्या फितुरीमुळे मौलवीसाहेब पकडले गेले.'

दगड बसवायच्या दिवशी हैदराबादचे पाहुणे आले. फखरुद्दीनसाहेब, मौलवींच्या पाचव्या पिढीतले, हातात काठी, खांद्याला पिशवी. "चादर आणलेली दिसती," तानाजी कुजबुजला.

सगळ्यांच्या देखत रतनबाई पुढं झाली आणि त्यांच्या पायाशी वाकली.

"मी बंकटाच्या घरची सून. आमच्या माणसाकून लई वंगाळ झालं. माफी द्या. तरीबी तुमच्या बाबांनी माझं लेकरू वाचिवलं. त्यांचे उपकार फेडाया माझा जन्म पुरला न्हाई."

पाहुण्यांनी काठी खाली ठेवली. त्यांनी रतनबाईचे दोन्ही हात धरून आपल्या डोळ्यांना लावले.

"अम्मा, उठा. पाच पिढ्या झाल्या, आमच्या घरात रोज तुमच्या घरासाठी दुआ मागतात."

माणसं गहिवरली. केवढं मोठं मन!

मग पाहुण्यांनी पिशवी उघडली. आत चादर नव्हती. एक जुनं, विरलेलं काळं घोंगडं होतं. ते त्यांनी कबरीवर अंथरलं, काठ नीट सारखे केले, आणि गुरुजींना बाजूला लिंबाखाली नेलं. बराच वेळ बोलत होते. परत आल्यावर गुरुजींनी आदिनाथला दगड बसवू दिला नाही.

फखरुद्दीनसाहेब पुढच्या वर्षी वारले; आता त्यांचा मुलगा येतो. तानाजी निवडणुकीत पडला, पण दर बुधवारी टेकडीची वाट स्वतः झाडतो. गुरुजींनी आपली वही फाडून दुसरी लिहायला घेतली. योगिता शाळेतल्या पोरांना रांगेनं वर नेते आणि दगड मोठ्यानं वाचायला लावते. रतनबाईचा गुरुवार अजून चुकत नाही. पदर मात्र ती आता पहिल्यापेक्षा वीतभर पुढं ओढते.

पहिला दगड आदिनाथनं उलटा करून पायरीला लावला. दुसऱ्यावर कोरलं आहे: 'इथे बंकट धनगर झोपला आहे. मौलवीसाहेबांचा अंगरखा घालून तो फासावर गेला.'