बीपनंतरचं उत्तर

मोघे सर हातातला माईक सतत या हातातून त्या हातात घेत होते. प्रशिक्षण शिबिरात आज शिक्षकांनाच विद्यार्थ्यांची स्पॅनिशची तोंडी परीक्षा द्यायची होती. पास झाले, तरच देवाघरी गेलेली बायको शिकवायची तो बारावीचा स्पॅनिशचा वर्ग त्यांना मिळणार होता. तो परक्या हातात जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

“रेकॉर्डिंगमधली मैत्रीण प्रश्न विचारेल. बीप वाजली की बोला,” परीक्षा घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या. “गप्प बसलात तर शून्य.”

“पोरांना दम देता ना सर? आता भोगा!” शेजारी बसलेल्या शिक्षिका हसल्या.

“काल पार्टीला का आला नाहीस?” रेकॉर्डिंगमधल्या आवाजाने स्पॅनिशमध्ये विचारलं. बीप वाजली.

सर्दी झाली, असं सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून स्पॅनिशमध्ये निघालं, “माझी बायको वारली.” मराठीत हे वाक्य त्यांना अजून कुणापुढे उच्चारता आलं नव्हतं.

“हरकत नाही!” रेकॉर्डिंगमधली मैत्रीण आनंदाने म्हणाली. “मग शनिवारी नाचायला येतोस ना?”

मॅडम रेकॉर्डिंग बंद करायला धावल्या. सरांनी हात करून थांबवलं. बीप वाजली होती.

“येतो,” ते म्हणाले. “शनिवारी तिचा वर्ग असतो. तो घेतला की येतो.”