चांदणीला काय म्हणतात?

साबाच्या डोंगरातल्या दुसून लोकांच्या गावी सेंडी त्यांची भाषा टिपून घ्यायला आली आणि जुकिनच्या प्रेमात पडली. तिला शब्द सांगायला बसे ती जुकिनचीच आई. सारं गाव तिला 'जुकिनची आई' म्हणूनच हाक मारी. लग्नाचा विषय निघाला की ती नुसतं "बघू" म्हणे आणि पुन्हा भात पाखडायला लागे.

त्या सकाळी सेंडीने चांदणीचं चित्र पुढे धरलं. "मावशी, हिला काय म्हणतात?"

"पुढचं दाखव."

"आठवत नाहीये का?"

"अगं, पहिल्या दिवशी तुझ्या पायाला जळू चिकटली आणि तू केवढी किंचाळलीस, तेसुद्धा आठवतंय मला! पुढचं दाखव म्हटलं ना."

शेजारी रेकॉर्डर सांभाळत बसलेला तिचा सहकारी अझमी हसला. "मला तर कालच सांगितलं मावशींनी. रोम्बितुऑन!"

सेंडीचा चेहरा उतरला. त्याला सांगितलं आणि मला नाही! म्हणजे हा लग्नाला नकारच की. तरी कामापुरता तो शब्द उच्चारून तर पाहावा, म्हणून तिने तोंड उघडलं मात्र, जुकिनच्या आईने हातातलं सूप टाकून तिच्या तोंडावर हात ठेवला.

 

"गप! माझं नाव आहे ते. त्यानं घेतलं तर चालतं, तो पाहुणा. सुनेनं सासूचं नाव घेतलं तर पोट फुगतं, बाई!"