बारशाचे धपाटे

"हेवन? असलं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही!" पाळण्याशेजारी चांगुणाआत्या अडून बसली. कोळीवाड्यातल्या बायका खोळंबल्या. आत्याने कानात सांगितल्याशिवाय बाळाचं बारसं होतंय थोडंच?

भावजय हसली. "ताई, जुना इंग्रजी शब्द आहे. म्हणजे बंदर. वादळात होड्या आसऱ्याला शिरतात ना, ती जागा."

आत्याची नजर दाराकडे गेली. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून ती एका पिशवीनिशी याच दारात आली, तेव्हा या भावजयीने काही न विचारता ताट वाढलं होतं.

आत्याने वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं. रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले.

"जोरात घाला गो," ती म्हणाली, "डोळ्यांत पाणी आलंय, त्याला काही कारण नको?"