घड्याळातले सेल

बर्फातल्या बंकरात उबेसाठी पेटवलेल्या बुखारीच्या विषारी वायूनं सोबतचा जवान झोपेतच गेला, म्हणून बायकोच्या, संयोगिताच्या बाळंतपणाआधी मी कुंडलला घरी वायू ओळखणारं यंत्र पाठवलं.

आई फोनवर म्हणाली, "शेगडी पेटली की लय वराडतंय रं ते. बाळ दचकतंय. संयोगिताला सेल काढाय लावलं, घड्याळात घातलं."

बाळंतिणीला शेक हवा, वारा नको. खिडक्या बंद. मायलेकरं शेगडीशेजारी झोपेतच गेली.

दिवसकार्याला पोचलो. सोप्यातलं घड्याळ बिनचूक चाललं होतं.

दुपारी, कुलूप घातलेल्या बाळंतिणीच्या खोलीतून यंत्र ओरडायला लागलं. आई सवयीनं खेकसली, "संयोगिता, सेल काढ की गं!"

आत झाकण खट्‌कन उघडलं. यंत्र गप्प झालं.

माझ्यासमोर घड्याळाचा काटा थांबला.