गप्प बसायची मुभा

शिवणकाम करणाऱ्या मावशींनी एकट्याने राहणाऱ्यांसाठी छोटासा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि पोटच्या पोरासारखा जपला. नियम एकच, पण त्यात हयगय चालायची नाही: "कुणी गप्प असेल तर का म्हणून विचारायचं नाही. फोन करून भंडावायचं नाही. माणूस बोलायचा तेव्हा बोलेल."

आज सकाळी मशीनवरून उठताना मावशी कोसळल्या. उजवं अंग हलेना, तोंडातून शब्द फुटेना. मोबाइल समोरच पडला होता, पण हात काही पोचेना.

अंधारून आल्यावर मोबाइलवर ग्रुपमधल्या एकाचा मेसेज झळकला: "मावशी सकाळपासून गप्प आहेत. त्यांनी आपल्याला इतकं सांभाळलं, आज आपण त्यांना सांभाळू. कुणीही फोन करू नका."



मावशींच्या डोळ्यांदेखत त्याखाली एकामागोमाग एक सगळ्यांचे अंगठे उमटले.