वर केलेला हात

पाटसच्या पुढं एक ट्रक बॉनेट उघडून उभा होता. त्याच्या ड्रायव्हरनं हात केला.

"इनुसभाई, थांबायचं न्हाई व्हय?" गाडीतल्या कांद्याचे मालक हौसराव इनुसच्या शेजारी केबिनमध्येच बसले होते. "आदी तर तुमी डायवर लोकं एकमेकासाठी रात रात थांबायचा."

"ते दिस गेले, आप्पा. आता कुनी थांबत न्हाई." इनुसनं गाडी दामटली.

मैलभर गेल्यावर त्यानं बाहेरच्या आरशात पाहिलं. तो ड्रायव्हर हात वर करून उभाच होता. मागची झाडं लहान लहान होत गेली, माणूस मात्र तेवढाच दिसत होता.

कुरकुंभ आलं तरी तेवढाच.

इनुसनं ब्रेक दाबला. त्यानं गाडी कडेला घेतली, खाली उतरून मागं पाहिलं. भर दुपारचा रस्ता पार मोकळा होता.

थोड्या वेळानं मागून एक ट्रक आला. दुसऱ्या गाडीच्या सोबतीशिवाय पुढं जायची छाती होईना, म्हणून इनुसनं हात केला. ट्रकवर बाबुलाल होता, एका ताटात जेवलेला. त्यानं इनुसकडं पाहिलं आणि न थांबता निघून गेला.

"जाऊ द्या, इनुसभाई," हौसराव म्हणाले. "हात घ्या खाली आन् चला."

इनुस मघापासून तेच करू पाहत होता. हात खाली येत नव्हता.